येशूबाचा जोगवा

लहान मुलांना चमत्काराच्या गोष्टी सांगणं सोपं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी बिलोलीच्या पोरींना कधी शिकवलेलं नसतं. मी शिकवलं आहे. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं होती, पण शेवटची आहेत हे तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं? मी लातूरकडच्या खेड्यातली, ख्रिस्ती घरातली, नुकतीच शिकून बाहेर पडलेली मास्तरीण. माझ्यापुढे बसायच्या त्या कुणब्यांच्या, दुकानदारांच्या आणि तहसिलीतल्या कारकुनांच्या लेकी.

सरकारी मदरशात सगळं उर्दूत चालायचं आणि तिथे मुलीला धाडायचं कुणाच्या मनातही येत नसे. मिशनच्या शाळेत मराठी लिहायला-वाचायला यायचं, शिवणटिपण यायचं. त्या बदल्यात सकाळचा पहिला तास येशूच्या गोष्टींचा. आईबापांची त्याला हरकत नव्हती. गोष्टच तर आहे, पोरगी ऐकेल आणि विसरून जाईल, असं त्यांनी धरलेलं. पोरी विसरत नव्हत्या, हीच तर गंमत. त्या प्रत्येक गोष्टीची उलटतपासणी घ्यायच्या.

लुळ्या माणसाची गोष्ट घ्या. त्याला चौघांनी बाजेसकट उचलून आणलं, दारात गर्दी म्हणून छपरावर नेलं आणि वरून भोक पाडून खाली येशूपुढे सोडलं. इतर ठिकाणी मास्तरांना ते छप्पर समजावून सांगावं लागत असेल. आमच्याकडे घरोघर मातीचं सपाट माळवद आणि त्याला उजेडासाठी, धुरासाठी ठेवलेलं सवणं. त्यामुळे वर्गात लगेच वाद सुरू. एक म्हणाली, "सवण्यातून बाज मावत न्हाई, बाई. माळवद फोडलंच आसंल." दुसरी म्हणाली, "मंग लिंपलं कुनी?" घर तिसऱ्याचंच, माळवद फोडणारे चौघे, बरा झालेला तर बाज काखोटीला मारून निघून गेला. मी सांगितलं, कुणी लिंपलं ते मला ठाऊक नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर नापसंती. एवढी मोठी गोष्ट आणि महत्त्वाचं तेच सांगितलं नाही!

आंधळ्याच्या डोळ्यांना येशूनं चिखल लावला, तर माती काळी होती का पांढरी? पथ्य काय दिलं? एका मोठ्या माणसाची मेलेली मुलगी येशूनं हात धरून उठवली आणि घरच्यांना म्हणाला, हिला आता काहीतरी खायला द्या. हे ऐकून मात्र सगळ्यांनी माना डोलावल्या. "हाव, पेजच देतेत पयले," असं एकीनं सांगितलं. येशूला आजारपणातलं काही कळतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पटलं असावं.

त्यांनी त्याचा वारही विचारून घेतला. मी रविवार सांगितला. "म्हंजी खंडोबाच्याच वाराला," असं म्हणून त्यांनी ते मनाशी नोंदवून ठेवलं. आपलं ऐकून गप्प बसतील तर त्या पोरी कसल्या! पण सगळ्यात अडायचं ते एका प्रश्नापाशी. बरा झालेला माणूस नवस काय बोलला होता?

मी सांगायची, काहीच नाही. येशू काही मागत नाही. तो फुकट बरं करतो.

यावर पोरी एकमेकींकडे बघायच्या.  त्यांच्या घरी कुणी दुखण्यातून उठलं की माहूरच्या आईला चोळीपातळ, नाहीतर नारळ, नाहीतर देवळापर्यंत दंडवत, असं काहीतरी बोललेलं असायचं आणि ते फेडायचं असायचं. न फेडणाऱ्यांचं काय होतं, याच्या गोष्टी त्यांना माझ्या गोष्टींपेक्षा जास्त पाठ होत्या. फुकट बरं करणारा देव त्यांना ऐकायला आवडायचा, पण त्याचा भरवसा वाटत नव्हता.

आमच्या शाळेवर देखरेख करणारी एक गोरी मिस्साब होती. ती नांदेडला राहायची आणि महिन्याकाठी एक-दोन दिवस आमच्याकडे यायची. बिलोलीची माणसं तेलंगणाकडच्या बोलीनं तिला दोरसानी म्हणायची. तिला उर्दू चांगली यायची, तेलुगू कामापुरती, मराठी जवळजवळ नाहीच. तिचं बोलणं मुलींपर्यंत जायचं ते माझ्या तोंडून. बाई कडक होती पण वाईट नव्हती. पटकीच्या साथीत तिनं ज्यांची घाण उपसली त्यांच्या जातीचे लोकसुद्धा त्यांच्या जवळ गेले नव्हते. तिच्याबद्दल पुढे जे सांगणार आहे ते वाचताना हे लक्षात ठेवावं.

त्या खेपेला ती येताना दहा कुष्ठरोग्यांचं रंगीत चित्र घेऊन आली. विलायतेत छापलेलं. त्यातले रोगी इतके गुलाबी आणि गुबगुबीत की पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. "ह्ये रोगी व्हय? आमच्या पोलीस पाटलावानी दिसून राहिलेत," असं कुणीतरी मागून म्हणालं. ते वाक्य मी मिस्साबला उर्दूत सांगितलं नाही.

गोष्ट अशी की दहा रोगी लांब उभं राहून येशूला हाका मारतात, तो त्यांना जा म्हणतो आणि वाटेत दहाही जण बरे होतात. त्यातला एकच परत येतो, पाया पडतो, उपकार मानतो. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? मिस्साबला यातून मुलींना कृतज्ञता शिकवायची होती. मी रंगवून सांगितली. मला गोष्ट सांगता येते, हे उगाच नाकारण्यात अर्थ नाही.

मग एक मुलगी उभी राहिली. आठ-नऊ वर्षांची असेल. गावाबाहेरच्या मळ्यातल्या, चांगल्या खात्यापित्या शेतकरी घरची. त्या हंगामात तिच्या धाकट्या भावाला मुदतीचा ताप आला होता. वैद्य झाला, हकीम झाला, सरकारी दवाखान्याचं औषध झालं, आईनं माहूरच्या देवीला साकडं घातलं. ही बरेच दिवस शाळेत नव्हती. पोरगा वाचला. ही परत आली तेव्हा आजारी तीच होती की काय असं वाटण्याजोगी झाली होती.

तिनं विचारलं, "बाई, त्या नऊ जनायला परत झाला का रोग?"

मी मिस्साबला प्रश्न सांगितला. तिनं ठाऊक नाही अशी मान हलवली. मी मुलीला सांगितलं, "गोष्टीत पुढचं काही सांगितलेलं नाही." ती खाली बसली. त्या दिवशी तिनं मधल्या सुट्टीत भाकरीचं फडकं सोडलं नाही. मी पाहिलं, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासना आटोपली होती. बिलोलीत तेव्हा ख्रिस्ती घरं पाचच. दवाखान्यातली नर्स, कंपाउंडर, प्रचारकाचं कुटुंब, शाळेचा चौकीदार आणि मी. शाळेलाच लागून माझी एक खोली होती. मिस्साब माझ्याकडे चहा घेत बसली होती, एवढ्यात दारात ती मुलगी येऊन उभी राहिली. डोक्यावरून न्हालेली, कपाळाला ठसठशीत कुंकू, पायात काही नाही, हातात वेताची परडी. परडीत ज्वारीचं पीठ.

"येशूबाचा जोगवा वाढा, माय," ती म्हणाली.

मला हसू फुटलं. नंतर तिच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं आणि मी हसू आवरलं.

भाऊ तापात पडला तेव्हा घरच्यांनी आपापल्या देवांना साकडं घातलं, तसं हिनंही कुणाला न सांगता येशूला घातलं होतं. त्याला काय आवडतं हे तिला ठाऊक नव्हतं, मी काही सांगितलंच नव्हतं. तेव्हा ठाऊक होतं तेच ती बोलली, की भाऊ उठला तर पाच घरी तुझा जोगवा मागीन. माहूरच्या आईच्या जोगव्याला मंगळवार-शुक्रवार लागतो, याचा वार रविवार. आईचा जोगवा कुणाच्याही दारी मागता येतो, पण येशूबाचा त्याच्याच माणसांकडे मागायला हवा, हे तिनं स्वतःच ठरवलेलं. भाऊ उठल्यावर हिला धीर होईना, आज-उद्या करत राहिली. आणि मग आम्ही तिला ते नऊ जण सांगितले.

चार घरं झाली होती. नर्सनं हसत वाढलं. कंपाउंडरच्या बायकोनं कसलं पीठ हे विचारलंसुद्धा नाही. प्रचारकाच्या घरी गरिबाची पोर समजून वाढलं. चौकीदाराच्या बायकोला मात्र सगळं कळलं असणार, कारण तिनं पीठ वाढून हात जोडले. पाचवं घर माझं. सहावं बिलोलीत नव्हतं.

मिस्साबनं विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख होतं. मला त्या वेळी राग परवडला असता.

ती म्हणाली, हिला सांग, याची काही गरज नाही. देवानं दिलं ते दिलं, त्याची परतफेड नसते. आज आपण या टोपलीत मूठभर पीठ टाकलं, तर आपला प्रभूसुद्धा वसुली करणारा आहे आणि वसुली चुकली की मारणारा आहे, असंच हिला शिकवल्यासारखं होईल. मग इतके दिवस तू काय शिकवलंस?

तिचं म्हणणं चूक नव्हतं, हीच तर अडचण होती. चूक असतं तर मी तिथल्या तिथे भांडले असते. भांडणात मी कुणाला हार जात नाही. मी मुलीला ते सगळं सोपं करून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"पन म्या बोललेय," ती म्हणाली.

"बोललीस तरी तो धरून बसत नाही गं."

"बोलताना त्यानं न्हाई म्हन्लं न्हाई." मग ती पुढे म्हणाली, "अन् त्या नऊ जनायचं तुमीबी सांगून नाही राहिलात."

मग मी दुसरीकडून गेले. तिच्या घरी माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं. शाळेतसुद्धा मडक्यातलं पाणी मुलींना वाढायला त्यांच्यातलीच एक मुलगी असायची. मी विचारलं, "माझ्या हातचं पीठ तुझ्या आईला चालेल?"

"जोगव्याच्या पिठाला ईटाळ न्हाई," ती म्हणाली. हे तिनं मला धीर देण्यासाठी सांगितलं, की काळजी करू नका, तुमचंही चालतं. आणि परडी जरा पुढे केली.  पाचवी मूठ पडली नाही तर घरी खेळत असलेला तो पोरगा संध्याकाळी तापानं फणफणेल, याबद्दल तिच्या मनात तीळभर शंका नव्हती.

आता माझं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या घराण्यात माहूरच्या आईची परडी होती, तिच्या नावानं जोगवा मागायची. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ती नदीत सोडून दिली. मी या मुलीएवढी असताना माझा धाकटा भाऊ तापात गेला. आमची सारी मंडळी त्याच्याभोवती गुडघे टेकून बसली होती. त्याच हात धरून उठवलेल्या मुलीची गोष्ट आमच्या पाळकांनी मोठ्यानं सांगितली होती आणि मी दाराशी पेजेचं भांडं घेऊन उभी होते, तो उठल्यावर त्याला द्यायला. तो उठला नाही. काही दिवसांनी आई चूल फुंकत होती. मान वर न करता ती म्हणाली, "परडी सोडली, तिचं हे." एकदाच म्हणाली. पुढे मरेपर्यंत ती दर रविवारी उपासनेत सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गायली आणि तो शब्द पुन्हा तिच्या तोंडून आला नाही. पण मी ऐकला होता. मी चार बुकं शिकले, दुसऱ्यांच्या मुलींना आजारी बरे झाल्याच्या गोष्टी सांगू लागले, तरी तो माझ्या पोटात होता. आपण गुपचूप पाच घरी जोगवा मागून आलो असतो तर भाऊ राहिला असता, हे मी कितीतरी वर्षं खरं मानलं. त्या रविवारीही मानत नव्हते असं छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

म्हणून मी उठले. मिस्साबचं म्हणणं खरं होतं, पण ते या पोरीला कळायला वर्षं लागणार होती, आणि तोवर तिनं ते भय उशाशी घेऊन झोपायचं? मी पिठाच्या डब्याचं झाकण काढलं.

"मत दो," मिस्साब म्हणाली.

मी तिला कधी उलट बोलले नव्हते. पण भरल्या ओंजळीनं तशीच वळले आणि आमच्या दखनी उर्दूत म्हणाले, "मिस्साब, दसवा आया है. उसकू दरवाजे से खाली कैसा भेजूँ?"

 मग तिनं चहाचा कप उचलला आणि त्यातल्या गार चहाकडे पाहत बसली. माझी नोकरी गेली नाही, हे इथेच सांगून टाकते. ती या विषयावर पुढे चकार शब्द बोलली नाही, आणि ते दहा जणांचं चित्रही तिनं परत कधी आणलं नाही.

मी परडीत पीठ घातलं. मुलीनं परडी कपाळाला लावली. तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला डोळ्यांनी दिसलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आजही माझ्या हातून चूक झाली असं मला वाटत नाही.

जाता जाता ती उंबऱ्यात थांबली. "बाई, आता परत यील का ताप?"

हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. नाही म्हणून सांगणं किती सोपं होतं! पण जी पोरगी नऊ जणांचा पत्ता विचारते तिच्याशी खोटं बोलायची माझी छाती झाली नाही. मी म्हणाले, "येईलही. माणसाला ताप येतो. पण आला तर तुझं काही राहिलं म्हणून येणार नाही."

तिनं ते मनात घोळवलं. मग विचारलं, "तुमच्या घरी कुनी बरं झालं व्हतं का?"

"माझा भाऊ आजारी होता. तो नाही बरा झाला."

"नवस फेडला न्हाई का?"

"बोललाच नव्हता. आमच्या आजोबांनी परडी सोडून दिली होती, त्याचा कोप झाला म्हणतात." हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. मिस्साबला मराठी समजत नाही, याचा मला धीर होता.

मुलगी दाराच्या चौकटीला टेकली. गणित घातलं की ती अशीच भुवया जवळ आणायची.

"आज्यानं सोडली?"

"हो."

"भाऊ केवढा व्हता?"

"तुझ्या भावाएवढा."

"मंग त्याला कामून धरंल? आई हाय ना ती." तिनं दोन्ही हातांनी परडी सावरली, माझ्याकडे पाहिलं आणि वर्गात चुकलेलं उत्तर दुरुस्त करावं तसं सांगितलं, "न्हाई बाई. तुमच्या भावाला नुसता ताप व्हता."

आणि ती पीठ सांडू न देता, जपून पावलं टाकत मळ्याच्या वाटेला लागली.

मिस्साबनं मागून विचारलं, बच्ची काय म्हणाली? मी तोंड उघडलं, पण उर्दूतलं एक अक्षर सुचेना. मी तिथेच उंबऱ्यावर बसले, पिठाचे हात तसेच तोंडावर घेतले आणि माझ्या भावासाठी रडले.